एकाच इसमाची नावे

माणदेशी माणूस घरी टिकत नाही. मेंढरांमागं तरी निघतो, नाहीतर सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात पार कोलकाता, कोइमतूर गाठून दुकान थाटतो. आमचा दादा कोइमतुरात आहे. मी आटपाडीतच राहिलो आणि पंचवीस वर्षं बिनलायसन्सची एम-एटी चालवली. परवा पोरगी म्हणाली, "आप्पा, लायसन्स काढल्याशिवाय मी तुमच्या मागं बसणार नाही." तिथून माझा प्रवास सुरू झाला.

पहिला मुक्काम सेवा केंद्र. तिथला पोरगा म्हणाला, "काका, आधारवर घरबसल्या शिकाऊ लायसन्स निघतंय. ओटीपी सांगा." ओटीपी गेला कोइमतूरला. आधार काढलं त्या वर्षी घरात मोबाईल एकच, आणि तो दादा धंद्यावर घेऊन गेलेला. फोन लावला. दादा भट्टीपुढं होता. "थांब, हात धुतो." हात धुऊन होईतोवर ओटीपी मेला. दुसऱ्या वेळी चष्मा सापडेना. तिसऱ्या वेळी त्यानं सहाच्या सहा आकडे मोठ्या आवाजात वाचले, ते कुठल्या तरी बँकेचे निघाले. मी आटपाडीच्या पेठेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होतो आणि माझा ओटीपी तासाभरात तीनदा तामिळनाडू बघून आला.

"मग कागद जोडा आणि सांगलीला जा," पोरगा म्हणाला.

जन्माच्या पुराव्यासाठी शाळेत गेलो. बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, फडक्यानं पुसलं आणि पिवळ्या पानावरून बोट खाली आणलं. "दत्तू. जन्म 1 जून." पानावर वीस पोरं, त्यातली सतरा 1 जूनची. त्या काळी आई सांगायची, "ज्वारी काढायला आली हुती तवा झाला," आणि गुरुजी त्याचं मराठी 1 जून असं करायचे.

शाळेत दत्तू, मतदार कार्डावर दत्ता, आधारवर दत्तात्रय. वीजबिल तर आजोबांच्या नावाचं. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण नाव बदलायला आम्हाला सवड कुठं होती! सेवा केंद्रातला पोरगा सगळे कागद पत्त्यांसारखे मांडून म्हणाला, "ह्यात तुम्ही कोण?"

तहसीलीपुढं लिंबाखाली बसणाऱ्या टायपिस्टानं त्यावर औषध दिलं. प्रतिज्ञापत्र: 'दत्तू, दत्ता व दत्तात्रय ही एकाच इसमाची नावे आहेत.' वाचून मला भरूनच आलं. आम्हा तिघांना याआधी कुणी एका ओळीत बसवलं नव्हतं.

तिथून डॉक्टरांकडं स्वतंत्रपूरवरून गेलो. आटपाडी औंध संस्थानात होती तेव्हा, 1939 साली, पंतप्रतिनिधींच्या राज्यात इथं कैद्यांची खुली वसाहत झाली. खुनाचे गुन्हेगार, पण भिंत नाही, बेडी नाही. शेती करायची, राहायचं. आमच्याच तालुक्यातल्या गदिमांनी त्यावर कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा काढला. म्हणजे कैद्यांना शब्दावर सोडलं होतं आणि माझ्या पिशवीत मी मीच असल्याचं प्रतिज्ञापत्र, तेही झेरॉक्ससह. एखादा खून केला असता तर काम लवकर झालं असतं, असं क्षणभर वाटून गेलं.

चाळिशी उलटलेल्याला नमुना 1-अ लागतो, म्हणजे डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला. औंधचे राजेसाहेब सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. ते असते तर अंगणात उभं करून घालायलाच लावले असते आणि माझा निकाल बाराव्यातच लागला असता. डॉक्टर सज्जन. त्यांनी फक्त विचारलं, "लाल-हिरवा रंग नीट कळतो ना?"

"डाळिंबवाल्याला इचारताय व्हय?" मी म्हणालो. त्यांनी मुकाट्यानं सही केली. उठताना त्यांनी खासगीत डाळिंबाचा भावही विचारला.

सांगलीचा प्रवास सकाळच्या एसटीनं. भिवघाट गेला, डाळिंबं मागं पडली, तासगावच्या बाजूला द्राक्षं लागली. मी काहीच धड पाहिलं नाही, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. शेजारची बाई म्हणाली, "काय सोनं हाय का त्यात?" मी म्हणालो, "दाखला हाय." ती समजूतदारपणे सरकून बसली.

संगणकावरच्या परीक्षेत पास झालो. आता तीस दिवस शिकायचं, मग पक्क्यासाठी पुन्हा सांगली.

दुसऱ्या दिवशी एम-एटीला पुढंमागं लाल 'एल' लावून निघालो. ओढ्याजवळ मेंढरं घेऊन आमचा बिरूतात्या उभा. त्यानं पाटीकडं बराच वेळ पाहिलं.

"ह्ये काय रं?"

"शिकाऊ, तात्या."

"मग आतापातूर काय करत हुतास?"

मी उत्तर जुळवतोय तोवर त्यानं तोंडानं आवाज काढून कळप रस्त्यावर घातला. मी इंजिन बंद केलं. मेंढरं दीडशे तरी होती.