नवे अंगठेबहाद्दर

पूर्वी निरक्षर माणूस अंगठा उठवायचा. आता साक्षर माणूस अंगठ्यानेच वाचतो, लिहितो आणि दाद देतो. आमच्या सांडोर गावात हा बदल फक्त कपाटातल्या वाळवीच्या लक्षात आला. पुस्तकं खाताना तिला आता कुणी उठवत नाही.

हल्ली सेंट थॉमस चर्चच्या घंटेपेक्षा मोबाइलवरच्या ग्रुपची घंटा जास्त वाजते. परवा तिथे कुणीतरी फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'ची पीडीएफ टाकली. पाच मिनिटांत चाळीस अंगठे, बारा जोडलेले हात. जवळपास अकरा हजार ओव्या, पाच मिनिटांत! एकाने विचारलं, 'याचा छोटा व्हिडिओ नाही का?' तेही रोमन लिपीत.

नाकं मुरडू नका, हे परंपरेला धरूनच झालं. या इंग्रज पाद्र्याचं मराठी पुराण 1616 साली गोव्यात राचोलला छापलं गेलं तेच मुळी रोमन लिपीत, कारण तिथे देवनागरीचे खिळे नव्हते. देवनागरीत छापून यायला 1956 साल उजाडलं, तेही पुण्यात, शांताराम बंडेलूंमुळे. आज ते खिळे प्रत्येकाच्या खिशात आहेत आणि आमचा मुक्काम मात्र 1616 सालीच. स्टीफन्सकडे सबब होती, आमच्याकडे कंटाळा आहे.

पुढे 1649 आणि 1654 सालीही ते छापलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. टिकल्या त्या हाताने उतरवलेल्या नकला. लंडनच्या मार्सडेन संग्रहातली नक्कल देवनागरीत, इतर रोमनमध्ये. शब्दही जागोजाग वेगळे. त्यातले स्टीफन्सचे कोणते, यावर अभ्यासकांनी डोळे फोडून घेतले.

ग्रुपवर ही कटकट नाही. फिरता फिरता मजकुराला शेपूट फुटतं, मधला परिच्छेद गळतो आणि खाली आपोआप 'पु. ल. देशपांडे' उगवतं. 2000 साली आपल्यातून गेलेले पु. ल. आमच्याकडे अजून आठवड्याला एक नवा लेख देतात. जुना नकलाकार चुकायचा, पण निदान ओळ वाचून चुकायचा. फॉरवर्ड करायला तेवढीही अट नाही.

पीडीएफ वाईट नाही हो. जो ग्रंथ बघायला वाचनालयं पालथी घालावी लागायची, तो आता रात्री दोन वाजता उशाशी येतो. उघडायचा तेवढा राहतो.

तेव्हा सांडोरकरहो, अंगठा उठवण्याआधी एक तरी ओवी वाचा. आवडली तर पुढे पाठवा. फक्त तिच्याखाली पु. लं.चं नाव घालू नका.