पन्नास टन उसाची चकती

सन २००७ मध्ये जगापुढे दोन प्रश्न होते. उसाला यंदा दर किती मिळणार, आणि चित्रपटाच्या नव्या चकत्यांत ब्लू-रे जिंकणार की एचडी डीव्हीडी. पहिल्या प्रश्नावर आमच्या गावात, जळोचीत, कुठेही, कधीही, कुणाशीही बोलता यायचं. दुसऱ्यावर फक्त आमच्या घरात बोललं जायचं, तेही दाजी मुक्कामाला आले की.

दाजी इंदापूर तालुक्यातले. घरची डाळिंबाची बाग, बोलणं ठाम. आमच्याकडे दाजींचा शब्द कुणी खोडत नाही, कारण बहीण त्यांच्या घरी दिलेली आहे. त्यांनी पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात, पावसाचे थेंब सुटे सुटे मोजता येतील असा टीव्ही पाहिला आणि त्या दिवसापासून ते ब्लू-रेचे झाले. विरोधात आमचा चुलतभाऊ बंडू. तो एमआयडीसीत कामाला, त्यामुळे यंत्रातलं त्याला कळतं असा सगळ्यांचा समज. आणि दाजी म्हणतील त्याच्या उलट बोलायचं हे त्याचं जुनं व्रत. म्हणून तो एचडी डीव्हीडीचा. दोघांकडेही दोन्हींपैकी काहीच नव्हतं. घरात होता तो एकवीस इंची, मागे भलंमोठं पोट असलेला टीव्ही. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल, आणि रुमालावर प्लॅस्टिकच्या पिशवीसकट रिमोट.

बाहेरच्या माणसाला हे भांडण समजायला जड जाईल. बारामती-इंदापुरात मुळीच नाही, कारण ते हुबेहूब साखर कारखान्याच्या निवडणुकीसारखं चाललं होतं. एक पॅनेल सोनीचं. त्यात पॅनासॉनिक, फिलिप्स वगैरे. दुसरं तोशिबाचं, सोबत एनईसी, पाठीशी मायक्रोसॉफ्ट. मतदार म्हणजे हॉलिवूडचे स्टुडिओ. डिस्ने आणि फॉक्स सोनीकडे, कोलंबिया तर सोनीच्या घरचंच. युनिव्हर्सल तोशिबाकडे. पॅरामाउंट आधी दोन्ही मांडवांत जेवत होतं, ऑगस्ट २००७ मध्ये ते तोशिबाकडे जाऊन बसलं. वॉर्नर ब्रदर्स मात्र दोन्हीकडच्या सभांना हजर. असा मतदार दिसला की आमच्याकडचं पोरगंसुद्धा सांगेल, निकाल ह्याच्याच खिशात आहे.

गंमत म्हणजे दोन्ही पॅनेलांचा जाहीरनामा जवळजवळ एकच. दोघांचाही किरण निळा-जांभळा, तरंगलांबी ४०५ नॅनोमीटर. डीव्हीडीचा लाल किरण ६५०चा. किरण बारीक म्हणून चकतीवरचे खड्डे बारीक, खड्डे बारीक म्हणून तेवढ्याच बारा सेंटिमीटरच्या चकतीत माल जास्त. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट, एचडी डीव्हीडीच्या १५, ब्लू-रेच्या २५. भांडण होतं ते माल किती खोल पुरायचा यावर. तोशिबाने तो डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर खाली ठेवला. त्यामुळे जुन्याच कारखान्यांत थोडेफार बदल करून चकत्या काढता येत. सोनीवाल्यांनी तो ०.१ मिलिमीटरवर आणला. जागा वाढली, पण ओरखड्याची धास्तीही वाढली, म्हणून वरून कडक लेप द्यावा लागला.

हे सगळं मी एकदा आमच्या आप्पांना नीट समजावून सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मग चित्र मोठं दिसतं का?”

“मोठं नाही आप्पा. स्वच्छ दिसतं.”

“मग टीव्हीची काच पूस की.”

दाजी मात्र हटणारे नव्हते. सोनीचं प्लेस्टेशन-३ एप्रिल २००७ मध्ये भारतात आलं होतं. खेळायचं यंत्र, पण त्यात ब्लू-रे चालायचं. किंमत ३९,९९० रुपये. आप्पांनी पेन्सिल मागितली. २००६-०७च्या हंगामाला केंद्राने उसाचा किमान दर ठरवला होता टनाला ८०२ रुपये ५० पैसे. आमच्याकडचे कारखाने त्याहून जास्त द्यायचे, पण आप्पा हिशेबाला बसले की उत्पन्न कमीत कमी धरतात आणि खर्च जास्तीत जास्त. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर भागाकार केला आणि खाली दोनदा रेघ मारली. पन्नास टन. म्हणजे एकराचा ऊस, तोही चांगला पिकला तर.

“आडसाली ऊस दीड वर्ष सांभाळायचा,” आप्पा म्हणाले, “आणि त्यो दोन तासांत बघून टाकायचा व्हय?”

शिवाय तेवढ्यावर भागत नव्हतं. आमच्या टीव्हीला चित्राच्या ५७६च रेषा कळत. ब्लू-रेच्या १०८० रेषा त्याच्यात पाठवायच्या म्हणजे लाल-पांढरी-पिवळी पिन खोचून निम्म्या रेषा वाटेतच उतरवून द्यायच्या. नवा सपाट टीव्ही घ्यायचा तर दुसऱ्या एकराचा ऊस. कृषिमंत्री तेव्हा आमच्या बारामतीचेच होते. पण चकतीच्या बदल्यात ऊस घेणारं दुकान त्यांच्याही काळात निघालं नाही.

मला स्वतःला धास्ती होती ती त्या ०.१ मिलिमीटरची. चकती पुसायची आमच्याकडे एक रीत आहे. तोंडाने ‘हाऽ’ करून वाफ द्यायची आणि बनियनच्या पोटावर गोल गोल घासायची. मधून कडेकडे पुसावं असं जाणकार सांगतात, पण जाणकारांच्या घरी पाहुणे खोळंबलेले नसतात. तरी अडकली तर टूथपेस्ट. त्यानंतरही नायिकेच्या चेहऱ्याच्या चौकटी पडायला लागल्या, की यंत्र पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे. तो स्क्रू ढिला करायच्या आधीच सांगायचा, “लेन्स गेलीय.” त्याच्याकडे कुणी पाण्याची मोटर नेली असती तरी त्याने आधी लेन्सच बघितली असती.

आमच्या गल्लीत तेव्हा राज्य होतं व्हीसीडीचं. हा फॉर्मॅट १९९३चा. चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे क्रिकेटचा चेंडू दिसायचा नाही, पण चौकार गेल्याचं कळायचं. एका चकतीत सव्वा तासाच्या आसपास मावायचं. तीन तासांचा चित्रपट असला की तीन चकत्या. पहिली चकती एका घरी, दुसरी दुसऱ्या घरी, अशी ती गल्लीभर फिरायची आणि तिसरी कायम हरवलेली असायची. ‘अशी ही बनवाबनवी’चे सगळे संवाद पाठ असलेली, पण शेवट न पाहिलेली माणसं मला माहीत आहेत. दिलेली चकती परत मागणं हे मात्र भांडणाचं कारण मानलं जाई. मागितली तर उत्तर ठरलेलं, “आणून दिली की मागंच.”

मग २००७ मध्येच मोझर बेअरने बॉम्ब टाकला. ही ग्रेटर नोएडाची कंपनी आधी जगाला कोऱ्या चकत्या पुरवायची. तिने चित्रपटांच्या चकत्या काढल्या, व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ला. अमेरिकेत पहिला एचडी डीव्हीडी प्लेअर आला ५०० डॉलरला, पहिला ब्लू-रे १,००० डॉलरला, आणि लोक त्यातल्या ५०० डॉलरच्या फरकावर रात्रंदिवस वाद घालत होते. आमच्याकडे फरक सहा रुपयांचा होता आणि वाद तेवढाच कडाक्याचा. “सहा रुपयांत काय दोन नाकं दिसणार हायेत का?” असं आत्या विचारायची, आणि व्हीसीडीच घरी यायची.

मी दोन्ही बाजूंना बीटामॅक्सची कथा सांगून पाहिली. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स आणला, जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस. बीटाचं चित्र सरस होतं असं म्हणणारे आजही भेटतात. पण सुरुवातीच्या बीटा कॅसेटमध्ये तासभरच मावायचं, व्हीएचएसमध्ये दोन तास. आणि भाड्याच्या दुकानांत व्हीएचएसच्या कॅसेटींची चळत वाढत गेली. आपल्याकडे १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आले, आणि गणपतीत वर्गणी काढून टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणायचा, एका रात्रीत तीन चित्रपट पाहायचे आणि सकाळी लाल डोळ्यांनी आरतीला उभं राहायचं, हा रिवाज पडला. त्या रात्री चित्र कुणाचं छान असं कुणी विचारलं नाही. कॅसेट कुणाकडून मागून आणता येईल एवढंच बघितलं गेलं. मला विचाराल तर सगळ्या फॉर्मॅटांचे निकाल असेच लागतात; प्रयोगशाळेतल्या रेषा मोजून नव्हे, शेजाऱ्याच्या कपाटात काय आहे त्यावर. शेवटी १९८८ मध्ये सोनीने स्वतःच व्हीएचएसची यंत्रं बनवायला घेतली.

“म्हणजे सोनी हरती,” बंडू म्हणाला.

“एकदा पडलेला उमेदवार दुसऱ्या टायमाला तयारीनं उतरतो,” दाजी म्हणाले आणि भाकरी मोडली.

दाजींचं खरं निघालं. ४ जानेवारी २००८ला वॉर्नरने जाहीर केलं की आपण फक्त ब्लू-रेबरोबर. पाठोपाठ लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स मेळ्यातली एचडी डीव्हीडीवाल्यांची पत्रकार परिषद रद्द झाली. १५ फेब्रुवारीला वॉलमार्टने तोशिबाचा माल ठेवणं थांबवतो म्हणून सांगितलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने मैदान सोडलं. दाजींचा फोन आला, “बंडोपंत, गुलाल कुठं पाठवू?” बंडू आठवडाभर कुणाशी नीट बोलला नाही. ज्या यंत्राला त्याने हात लावला नव्हता, जे त्याने डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, त्याच्यासाठी माणसाने इतकं खचावं, हे मी कारखान्याच्या मतमोजणीनंतरही फार वेळा पाहिलेलं नाही.

विजयाचा उपयोग मात्र होत नव्हता, कारण लाईट नव्हती. जळोची तेव्हा ग्रामपंचायत. बारामती नगरपालिकेत गेली ती नंतर. गावाच्या वाट्याला भारनियमन दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास. वेळापत्रक असायचं, पण ते आलेली लाईट जायच्या वेळी आठवायचं. दाजींनी पुढे किमती उतरल्यावर खरोखरच एक ब्लू-रे प्लेअर घेतला आणि कौतुकाने आमच्याकडे दाखवायला आणला. बटण दाबलं. यंत्र जागं व्हायला वेळ, चकती वाचायला त्याहून जास्त. पडद्यावर एक गोल फिरत होता. आत्या हात जोडून बसली होती. गोल फिरायचा थांबला, स्टुडिओचं बोधचिन्ह उजळलं आणि लाईट गेली. दोन तासांनी आली तेव्हा यंत्राने पहिल्यापासून सुरुवात केली. “व्हीसीडी निदान लगेच अडकायची,” असं आत्या म्हणाली.

पुढची मौज केली न्यू जर्सीच्या मावसभावाने. सुट्टीवर येताना त्याने दाजींसाठी खास ब्लू-रे चकत्या आणल्या. जेवणं आटोपली, इन्व्हर्टर चालू केला, सगळे टीव्हीपुढे बसले. यंत्राने चकती आत ओढून घेतली, विचार केला आणि इंग्रजीत कळवलं की ही चकती या प्रदेशात चालणार नाही. ब्लू-रेवाल्यांनी जगाचे तीन भाग केले आहेत: अमेरिका ‘ए’मध्ये, युरोप ‘बी’मध्ये, आणि भारत, चीन, रशिया ‘सी’मध्ये. डीव्हीडीलाही हे दुखणं होतंच, तिथे आपला नंबर पाचवा. पण गल्लीतल्या साध्या प्लेअरना नंबरबिंबर कळत नसत, ते सगळं गिळायचे.

“म्हंजे ह्याला व्हिसा लागतो?” आप्पांनी विचारलं.

तेव्हा बंडू कित्येक महिन्यांनी हसला. कारण एचडी डीव्हीडीला प्रदेशाचा कोड ठेवलेलाच नव्हता. अमेरिकेतली चकती जळोचीत बिनतक्रार चालली असती. “आमचं पॅनल आलं असतं तर ही वेळ नसती आली,” असं तो त्यानंतर प्रत्येक लग्नात, बारशात आणि एका दहाव्यातसुद्धा सांगत होता.

आणि हे दोघे भांडत असताना पोरांनी भलतंच निवडलं. मोबाईलच्या दुकानांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. नखाएवढं मेमरी कार्ड द्यायचं, दुकानदार कॉम्प्युटरला लावून त्यात गाणी आणि पिक्चर कोंबायचा. पडदा ३२० बाय २४०. सगळं जग १९२० बाय १०८० कडे चाललेलं असताना आम्ही व्हीसीडीहूनही खाली उतरलो. पण शेतीची लाईट रात्री यायची. रात्री दारं धरायला गेलेला माणूस मोटरीजवळच्या बांधावर बसायचा, एका सरीत पाणी भरेपर्यंत चित्रपट बघायचा, मग उठून बारं फोडायचा आणि पुन्हा बसायचा. ना लेन्स जायची, ना भारनियमन आडवं यायचं, ना कुणी प्रदेश विचारायचं. शेजाऱ्याकडून मागायचीही गरज नव्हती. कार्ड तेवढं आठवणीने परत घ्यावं लागे.

चकतीवाल्यांचं आणि जिंकलेल्या पॅनेलचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात निघाली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये घरी भरायच्या कोऱ्या ब्लू-रे चकत्यांचं उत्पादन बंद केलं. दाजींचा प्लेअर क्रोशाच्या रुमालाखाली आहे. त्याची लेन्स गेलीय, असं दुरुस्तीवाला म्हणतो, आणि या वेळी ते खरं असावं.

चकत्या मात्र कामाला आल्या. दाजींनी डाळिंबाच्या बागेत पाखरं उडवायला त्या दोऱ्याने बांधून टांगल्या आहेत: व्हीसीडी, मोझर बेअरच्या डीव्हीडी आणि न्यू जर्सीच्या ब्लू-रे, एका ओळीत. वारा आला की सगळ्या सारख्याच चमकतात आणि पाखरं कोणत्याही प्रदेशाची असोत, उडतात. आमच्या कपाटात अजून दोन पिशव्या भरून शिल्लक आहेत. कुणाला बागेसाठी हव्या असतील तर जळोचीला या आणि खुशाल घेऊन जा. फक्त परत आणून देऊ नका.