मिंट रोडचे साहेब

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर रिझर्व्ह बँकेचे एक निवृत्त डेप्युटी गव्हर्नर राहतात. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. "आज पाऊस पडेल का हो?" असं विचारलं तर साहेब आभाळाकडे बघत नाहीत, आजूबाजूला कुणी वार्ताहर नाही ना ते बघतात. मग म्हणतात, "शक्यता दोन्ही बाजूंनी समतोल आहे." आणि छत्री घेऊन निघतात.

ग्रेड बी अधिकारी म्हणून लागले, नागपूर-गुवाहाटी करत मिंट रोडला, म्हणजे बँकेच्या मुख्यालयात पोचले. मधली बरीच वर्षं बँकांच्या तपासणीत गेली, ती अजून अंगातून गेलेली नाहीत. लग्नाच्या पंगतीत सगळे जिलबीकडे बघतात. साहेब किती आल्या, किती वाढल्या आणि बाकीच्या कुठायत याचा मेळ लावत असतात.

शेवटी पतधोरण समितीत आले. २०१६ पासून ही सहा जणांची समिती रेपो दर ठरवते. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर २ वर किंवा २ खाली राखायची. दर पुढे चढणार की उतरणार हे सांगायचं नसेल तेव्हा भूमिका 'तटस्थ' म्हणून जाहीर करायची सोय आहे. पाव टक्क्याला तिथे पंचवीस बेसिस पॉइंट म्हणतात. तेवढंच, पण भारदस्त. तेव्हापासून वाण्याकडे पाव किलो साखर मागताना साहेब अवघडतात.

बैठकीआधी सात दिवस आणि निर्णयानंतर सात दिवस सदस्यांनी धोरणावर बाहेर बोलायचं नाही, असा दंडक आहे. साहेबांनी तो घरी आणला आणि मुदत घालायची राहिली. काकूंनी टोमॅटोचा भाव सांगितला तेव्हा मात्र मौन सुटलं. "अन्न आणि इंधन वगळलं तर महागाई आटोक्यात आहे." काकू म्हणाल्या, "बरं. आज तेवढं वगळूनच स्वयंपाक करते."

साहेबांचं दैवत म्हणजे चिंतामणराव देशमुख, १९४३ साली बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले. चिंतामणरावांनी 'मेघदूत' मराठीत आणलं. साहेबांनी मराठी परिपत्रकात नेली. देशमुखांची सही सहाव्या जॉर्जच्या नोटांवर होती. साहेबांची कशावरच नाही. डेप्युटी चार, पण नोटेवर सही करतो तो एकटा गव्हर्नर. एक रुपयाच्या नोटेवर जागा असेल म्हणाल, तर तिथे दिल्लीचे अर्थ सचिव बसलेले. परवा वर्गणीच्या पावतीवर सही करायला सांगितली, तर साहेबांनी आधी चार वेळा कागदावर गिरवून पाहिली.

गेल्या आठवड्यात लिफ्ट बंद पडली. साहेब आत.

वॉचमन दारावर थापा मारत ओरडला, "साहेब, ठीक आहात ना?"

"परिस्थितीवर बारकाईनं लक्ष आहे."

तिसऱ्या मजल्यावरून काकूंनी वाकून विचारलं, "अहो, नक्की कुठे आहात? वर की खाली?"

आतून जरा वेळानं उत्तर आलं, "तटस्थ."