काटा पावतीत दडलेला प्रबंध

एम.कॉम., एमबीएची पोरं फायनान्सचा प्रबंध लिहायला बसली की पहिला हात जातो सीनियरच्या जुन्या फाईलकडे. विषय तोच, ‘अमुक कंपनीचे गुणोत्तर विश्लेषण’. कंपनीचं नाव बदललं, पाच ताळेबंद नवे टाकले, काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उमटवली. बायंडिंग पक्कं होतं, पण आत प्रश्नच नसतो. याचा मला मनापासून राग येतो.

कारण कोल्हापूर जिल्ह्यात प्रश्न घराघरांत पडून आहे. कपाटातली उसाची काटा पावती काढा. कायदा म्हणतो, कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) मिळाली पाहिजे. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. आता पावतीची तारीख आणि पासबुकात बिल जमा झाल्याची तारीख शेजारी-शेजारी मांडा. समजा ८० टन ऊस, टनाला ३,००० रुपये. म्हणजे २ लाख ४० हजार. मुदत उलटून ६० दिवस गेले, तर व्याज होतं सुमारे ५,९०० रुपये. ते मिळालं का? तोवर सोसायटीच्या कर्जाचं व्याज कुणी भरलं? खोडव्याचं खत उधारीवर आणलं का? हाच तुमचा प्रबंध.

बेत मात्र आधी आखा. एक गाव, ३० शेतकरी, ३ हंगाम. त्याहून जास्त पसारा नको. पासबुक बघायला परवानगी घ्या, नावं छापू नका. महिनाभर गावात फिरा, मग आकडे एक्सेलमध्ये भरा, मग लिहा. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. गाईडकडे दर पंधरवड्याला जा, आणि जाताना लिहिलेली पानं न्या.

पानं दुरुस्तीला परत आली तरी खचू नका. १९२० मध्ये बाबासाहेब आंबेडकर शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले, तेव्हा आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना मदत केली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत दिला. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्याच प्रबंधाच्या छापील ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना प्राध्यापक एडविन कॅनन यांनी आपले मतभेद उघड मांडले. प्रश्न खरा असला की लिहिणारा परत आलेल्या पानांना घाबरत नाही, आणि वाचणाऱ्यालाही वाद घालावासा वाटतो.

या रविवारी गावी गेलात की जेवायच्या आधी वडिलांकडे पासबुक मागा.