चार केबीचे गृहस्थ

म्हैसूरजवळच्या बेळगोळला पूर्वी कागदाची गिरणी होती. आता तिथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलेल्या मराठी मंडळींत एक तरी असा गृहस्थ निघतोच, जो कागदच काय, जगातली कुठलीही गोष्ट केबीत तोलतो. तुम्ही कौतुकानं भाचीच्या लग्नाची वेबसाइट दाखवावी, तर वधूवरांकडे त्याचं लक्षच नसतं. "पाच एमबी? हे उघडेपर्यंत मंगलाष्टकं आटपतील!"

त्याचा धर्म एकच, हलकी स्टाइलशीट. वॉटर, सिंपल, पिको, सकुरा ही नावं तो अष्टविनायकांसारखी ओळीनं म्हणतो. साध्या एचटीएमएलला यातली एक फाइल जोडायची. कुठेही क्लास न लावता मथळे, परिच्छेद, तक्ते नेटके दिसू लागतात. २०११ साली आलेल्या बूटस्ट्रॅपचं नाव काढलं की कपाळाला आठी. वाचायच्या पानाला एवढा लवाजमा कशाला, हा त्याचा प्रश्न. आणि तो चुकीचा आहे असं मलाही म्हणवत नाही.

यंदा मंडळाच्या गणेशोत्सवाचं पान त्याच्याकडे आलं. खजिनदारांनी ते उघडलं, फोन खिडकीशी नेला, परत आणला.

"रेंज गेली वाटतं. अर्धंच आलंय."

"पूर्ण आलंय, काका. चार केबी."

"मग गणपती कुठाय?"

"गणपती तीनशे केबीचा होता."

एवढ्यावर भागलं असतं, पण त्या स्टाइलशीटनं मथळ्याच्या अक्षरांत जादा अंतर सोडलं होतं. रोमन लिपीत ते खुलतं. आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे पडतात. शिवाय ओळी इतक्या चिकटलेल्या, की वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत शिरलेला. 'श्री' एकीकडे, 'गणेशोत्सव' सुटा सुटा. खजिनदार म्हणाले, "प्रिंटरची शाई संपली का?" त्यांना कुणी सांगायचं, की इथे प्रिंटरच नाही?

रात्री बसून गृहस्थानं दोन ओळी लिहिल्या: मथळ्याला लेटर-स्पेसिंग शून्य, मजकुराला लाइन-हाइट १.८. पान झकास वाचता येऊ लागलं. सकाळी चेहरा मात्र सुतकी. फाइल चाळीसेक बाइटांनी वाढली होती.

तुमच्या मंडळात असा कुणी असेल तर पान बेलाशक त्याच्याच हाती द्या. गणपतीचा फोटो तेवढा स्वतः चढवा.