शहाण्याने पायरी चढू नये

कल्याण-डोंबिवलीत शहाण्यांची वाण नाही. "सगळे एकाच माळेचे मणी, काही होणार नाही" हे ज्याला पंचविशीतच उमगते, तो इथला शहाणा. तो खड्डा चुकवतो, नळाला पाणी नाही म्हणून टँकर मागवतो आणि मतदानाच्या दिवशी घरी झोपतो. 2024 च्या लोकसभेला कल्याण मतदारसंघात मतदान झाले जेमतेम निम्मे. बाकीचे निम्मे शहाणे. त्यांचे कौतुक करायला त्यांचे नातेवाईक समर्थ आहेत. मला स्तुती करायची आहे ती दुसऱ्या जातकुळीची. अर्ज करणाऱ्या मूर्खाची.

त्याला ओळखणे सोपे असते. हातात बटणाची प्लास्टिकची फाइल, आत अर्जाच्या दोन प्रती, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि एक स्टॅम्प जादा, कारण खिडकीशी कोणीतरी हमखास विसरून आलेला असतो. "ठेवून जा, साहेब मीटिंगला गेलेत" याला तो बधत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का उमटेपर्यंत आणि आवक क्रमांक पडेपर्यंत तो जागचा हलत नाही. मग उत्तर येते की सदर बाब या विभागाशी संबंधित नसल्याने आपला अर्ज माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) अन्वये अन्य विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे. तो पहिले अपील करतो, मग दुसरे. सोसायटीतले विचारतात, "काका, काय मिळालं?" तो सांगतो, "सुनावणीची तारीख." हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान असतो, आणि तो रास्तच आहे.

त्याच्या आजूबाजूला राजकारण चालते ते असे. 2015 च्या पालिका निवडणुकीत सत्तेतले दोन मित्रपक्ष इथे एकमेकांच्या नरडीला लागले होते. मुख्यमंत्र्यांनी शहरासाठी 6500 कोटींचे पॅकेज जाहीर केले, आणि पालकमंत्र्यांनी मित्रपक्षाच्या जाचाला कंटाळून भर सभेत राजीनामा काढला. निकालानंतर दोघे पुन्हा एकत्र नांदले. 2 फेब्रुवारी 2024 ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, एका सत्ताधारी पक्षाच्या आमदाराने दुसऱ्या सत्ताधारी पक्षाच्या शहरप्रमुखावर गोळीबार केल्याचा गुन्हा दाखल झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये डोंबिवलीतल्या फोडाफोडीचा राग मंत्रिमंडळाच्या बैठकीपर्यंत गेला, एका पक्षाचे बहुतेक मंत्री बैठकीला फिरकलेच नाहीत. यातल्या शेवटच्या पाच वर्षांत पालिकेत नगरसेवक मात्र नव्हते. मुदत संपली नोव्हेंबर 2020 मध्ये, पुढची निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. पाच वर्षांहून अधिक काळ नागरिकाला भांडायला स्वतःचा नगरसेवकही नव्हता. एवढ्या काळात टिकला तो फक्त आवक-जावक विभाग, आणि त्याच्या खिडकीशी उभा असलेला आमचा मूर्ख.

संतापाचा दुसरा मार्गही इथे पाहिला आहे. 2 जानेवारी 2015 ला लोकल गाड्या रखडल्या आणि दिवा स्थानकात भडका उडाला. दगडफेक झाली, पोलिसांची वाहने जळली, आणि मार खाल्ला मोटरमनने, ज्याच्या हातात वेळापत्रक नसते. लटकून प्रवास करणाऱ्यांचा तो राग खोटा नव्हता. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलमधून माणसे पडली, त्या दिवशी चौघे गेले. अशा शहरात राग येणारच. पण मूर्खाचा राग टेबलापलीकडच्या कारकुनावर निघत नाही. त्या कारकुनाची मुलगी बारावीला आहे, हे त्याला माहीत असते. तो भांडतो तो सहीशी. टेबलामागच्या माणसाशी त्याचे वैर नसते. या गुणाची मला सगळ्यात जास्त किंमत वाटते.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे आपण ऐकत आलो. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायाधीशालाही अर्जच करावा लागला. त्या पत्राची जनहित याचिका झाली. त्यानंतरही 2018 च्या पावसाळ्यात कल्याणात खड्ड्यांनी माणसांचे बळी घेतले. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने सांगितले की खड्ड्याने जीव गेला तर कुटुंबाला 6 लाख रुपये द्या. एका पत्राला बारा वर्षे लागली. शहाणा म्हणेल, पाहा. मूर्ख म्हणेल, पाहा.

अनधिकृत बांधकामांचेही तेच. नागरिकांच्या याचिकेवरून अग्यार समिती नेमली गेली, तिने पालिका हद्दीत 67 हजारांवर अनधिकृत बांधकामे नोंदली, आणि तो अहवाल वर्षानुवर्षे पडून राहिला. तरीही पुढे एका वास्तुविशारदाने माहितीच्या अधिकारात साधा प्रश्न विचारला, या इमारतींना तुम्ही परवानगी दिली होती का? नव्हती दिली. पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियामकाचे, नोंदणी क्रमांक मिळवले गेले होते. गुन्हे दाखल झाले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातल्या 65 इमारती पाडायला सांगितले. एका प्रश्नाने एवढे उघड झाले.

इथे माझे मन जड होते. त्या 65 इमारतींतल्या कुटुंबांनी चुकीचे काही केले नव्हते. रेरा क्रमांक पाहिला, बँकेने कर्ज दिले, मुलांच्या शाळेजवळ घर घेतले. पाडकामाच्या नोटिशीने त्या माणसांवर रस्त्यावर येण्याची वेळ आली आणि ज्यांनी खोटे शिक्के मारले त्यांच्या घरांना तडा गेला नाही. म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला दोष देणारे मला भेटतात. मला ते पटत नाही. तोच प्रश्न पहिल्या इमारतीच्या पायाभरणीला कोणी विचारला असता तर बाकीच्या चौसष्ट इमारतींतली घरे विकलीच गेली नसती. आता त्या रहिवाशांच्या हातात बटणाच्या फाइली आहेत, आणि त्या कशा लावायच्या हे त्यांना शिकवायला आमचा हाच अर्ज करणारा मूर्ख संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर जाऊन बसतो. फी घेत नाही.

नव्या सभागृहात आता नगरसेवक आहेत. हार घालून झाले आहेत. पालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, दोन प्रतींत.