इंग्रजी वाक्याचे दोन तुकडे कसे करावेत : राहू गाव आणि पंचक्रोशीसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका मुलांसाठी नाही. मुलांना सगळे येते. ती त्यांच्या बापांसाठी आहे. महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या वर्षी 'ए फॉर ॲपल' घोकणारी पोरे आज स्वतःच्या पोरांच्या गृहपाठापुढे मिशा चावत बसलेली दिसतात. वहीत हुकूम असतो : 'सब्जेक्ट अधोरेखित करा, प्रेडिकेटला चौकट करा.' बाप म्हणतो, "आईला विचार." आई म्हणते, "तव्यावर भाकरी आहे." आजोबा तर कोणी विचारायच्या आतच टोपी उचलून गुऱ्हाळाकडे निघालेले असतात. अशा प्रसंगी घरातल्या कर्त्या पुरुषाला जागेवर टिकून राहता यावे, एवढाच या लेखनाचा नम्र हेतू आहे.

सैद्धांतिक बैठक

अमृताच्या पंगतीत चोरून बसलेल्या असुराचे विष्णूने चक्राने दोन तुकडे केले. शिर तो राहू, धड तो केतू. इंग्रजी वाक्यही असेच दुभंगते. ज्याच्याविषयी बोलायचे ते शिर, म्हणजे सब्जेक्ट. आपल्या व्याकरणातले उद्देश्य. त्याच्याविषयी जे काही बोलायचे ते सगळे धड, म्हणजे प्रेडिकेट, आपले विधेय. शिर गावाच्या नावातच असल्यामुळे निम्मे काम झालेले आहे, असा एक स्थानिक समज आहे. पेपर तपासणारे तो मान्य करत नाहीत.

व्याकरण हा पुण्या-मुंबईकडचा उद्योग, अशी सबब कोणी पुढे करू नये. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली मुंबईत निघाले, हे खरे. पण शेजारच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणले. त्या खटाटोपात त्यांनी हिब्रूचे व्याकरणही मराठीत लिहिले, आणि 1922 साली डोळे मिटण्यापूर्वी भाषांतर हातावेगळे केले. ज्या दौंड तालुक्यात हिब्रूचे व्याकरण लिहून झाले, तिथे 'द कॅट सॅट ऑन द मॅट'पुढे हात टेकणे बरे दिसत नाही.

साहित्य

शिसपेन्सिल एक. खोडरबर दोन. मूल एक, शक्यतो स्वतःचे. थ्री फेजची पाळी रात्रीची असेल तर मोटर चालू करून यावे आणि मगच बसावे. नाहीतर अर्ध्या वाक्यावरून उठावे लागते.

कृती

1. आधी क्रियापद शोधा. नवशिके पहिल्या शब्दावर झडप घालतात आणि फसतात. 'द गुळव्या स्टर्स द ज्यूस' या वाक्यात ढवळण्याचे काम चालले आहे, म्हणून 'स्टर्स' हे क्रियापद. आता त्याला विचारा, कोण ढवळतो? गुळव्या. 'द गुळव्या' हा सब्जेक्ट. क्रियापदापासून पूर्णविरामापर्यंतचा सगळा माल प्रेडिकेट. काहील, मळी, चुलवाण असे कितीही शब्द पुढे आले तरी ते धडाच्याच वाट्याला जातात.

2. पाल्हाळाला भुलू नका. 'द मॅन विथ टू ट्रॅक्टर्स अँड थ्री बोअरवेल्स इज माय अंकल.' इथे घरोघरी बोअरवेल्सना सब्जेक्ट मानून 'इज'चे 'आर' केले जाते. ट्रॅक्टर आणि बोअर कितीही असोत, माणूस एकच आहे. क्रियापद एकवचनीच राहील. मालमत्तेने माणसाचे वचन बदलत नाही, हा नियम सोयरिकीच्या बैठकीत चालत नसला तरी परीक्षेत चालतो.

3. हुकमात सब्जेक्ट लपलेला असतो. 'ब्रिंग द टी' यात कोणी आणायचा ते लिहिलेले नाही. व्याकरण सांगते, तिथे 'यू' गृहीत धरा. आपल्याकडे "चहा आणा रे" असा आवाज ओसरीवरून आला की चारही भाऊ ऐकतात, चौघेही दुसऱ्याला 'यू' धरतात, आणि शेवटी धाकटी वहिनी उठते.

4. 'देअर'च्या नादी लागू नका. 'देअर इज अ लेपर्ड इन द शुगरकेन.' पहिला शब्द 'देअर', पण तो नुसता दाराशी उभा आहे. खरा सब्जेक्ट 'अ लेपर्ड'. शिरूर-दौंडच्या उसात दडणारा बिबट्या वाक्यातही क्रियापदाच्या मागे दडला आहे. अधोरेखन जपून करावे.

5. पावसाला 'इट' लागतो. आपला पाऊस स्वतः पडतो. इंग्रजांचा मात्र 'इट इज रेनिंग' असा पडतो. हा 'इट' कोण, ढग की देव, हे विचारू नये. इंग्रजी वाक्याला सब्जेक्टची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, म्हणून रोजंदारीवर एक 'इट' आणून बसवला आहे. त्याला इतर काम नाही.

मराठी घरांसाठी विशेष इशारा

क्रियापद ज्याच्या मागे जाते तो सब्जेक्ट, ही इंग्रजीतली खूण आपल्याकडे दगा देते. 'आईने भाकरी केली, आईने पिठले केले, आईने करंज्या केल्या.' आई तीच, पण क्रियापद दर वेळी ताटातल्या पदार्थाचे लिंग-वचन पाहून बदलते. राबणारी एकीकडे राहते आणि क्रियापद खाण्याच्या बाजूला जाते. व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. 'मला भूक लागली' यातही क्रियापद भुकेचे ऐकते, माझे नाही. इंग्रज 'आय ॲम हंग्री' म्हणून भुकेची जबाबदारी स्वतःवर घेतो. तेव्हा मराठी वाक्य मनात जुळवून मग इंग्रजीतला सब्जेक्ट शोधू गेलात, तर भाकरीखाली रेघ ओढून बसाल.

प्रगत अभ्यासक्रम

आता अवघड भाग. 'द रोड वॉज रिपेअर्ड.' सब्जेक्ट कोणता? 'द रोड'. उत्तर बरोबर, पूर्ण गुण. पण रस्त्याने काय केले? काही नाही. तो पडून होता. दुरुस्त करणाऱ्याला वाक्यात यायचेच असेल तर शेवटी 'बाय'चे बोट धरून येता येते, आणि न आल्यास व्याकरण दंड करत नाही. ही सवलत पाहून ज्यांचे डोळे चमकले त्यांनी आपल्या कार्यालयांच्या सूचनाफलकांचा अभ्यास करावा. 'दुरुस्ती करण्यात आली आहे.' 'पुरवठा खंडित करण्यात येत आहे.' 'कार्यवाही करण्यात येईल.' एकाही ओळीत माणूस नाही.

आपणही कमी नाही. 'लाइट गेली' यात लाइट हा अगदी निर्दोष सब्जेक्ट आहे. जणू ती स्वतःच्या पायांनी गेली. 'वजनात घट आली', 'बांध सरकला', 'निधी परत गेला'. घट येते, बांध सरकतो, निधी जातो. सब्जेक्ट प्रत्येक वाक्यात हजर, करणारा एकातही नाही. शाळेतले व्याकरण सब्जेक्टच्या हजेरीवर समाधानी असते. प्रौढांनी तेवढ्यावर थांबू नये.

सराव, उत्तरांसह

'माय ग्रँडफादर स्लीप्स.' सब्जेक्ट : माय ग्रँडफादर. प्रेडिकेट : स्लीप्स. एकाच शब्दाचे असले तरी ते पुरे विधेय आहे. आजोबांनाही ते पुरते.

'अक्रॉस द भीमा लाइज शिरूर.' सब्जेक्ट : शिरूर. शेवटी आला म्हणून घाबरू नये. नदी ओलांडून जायला वेळ लागतोच.

'बॉइलिंग ज्यूस इन मे इज हार्ड वर्क.' सब्जेक्ट : बॉइलिंग ज्यूस इन मे. अख्खे कामच सब्जेक्ट झाले आहे. मे महिन्यात चुलवाणापुढे कोण उभे होते, ते वाक्य सांगत नाही.

'हू स्टोल द मोटर?' सब्जेक्ट : हू. व्याकरणापुरता तपास इथे संपतो.

वापराविषयी सूचना

गृहपाठ झाला की ही विद्या कपाटात ठेवू नये. पुढच्या ग्रामसभेला जाताना ती घेऊन जा. कोणी 'करण्यात येईल' म्हणाले की क्रियापदाला शिकल्याप्रमाणे विचारा : कोण करणार? उत्तर मिळाले की ते नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्या, आणि सही केल्याशिवाय उठू नका.